हिमोग्लोबिन, सोडियम, साखर बदलली की रक्तातून करंट कमी-जास्त जातो का?

चौकस:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय. रक्त खारट म्हणजे त्यातून वीज जाणार हे कळतं, पण रिपोर्टमधले आकडे, सोडियम, पोटॅशियम, साखर वगैरे वरखाली झाले तर रेझिस्टन्स कितपत बदलतो? आणि हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, मग ते जास्त असेल तर करंट जास्त वाहणार असं धरायचं का? बारावीच्या लेव्हलला सांगितलंत तरी चालेल.

लॅबकर:
नेमकं उलटं आहे, हिमोग्लोबिन जास्त तर करंट कमी. ते लोह म्हणजे तारेतला धातू नव्हे, हिमोग्लोबिनमधल्या हीम नावाच्या कड्यात एकेकटा अणू धरलेला असतो, मोकळे इलेक्ट्रॉन नाहीतच. रक्तात वीज वाहते ती आयनांवर, आणि मुख्यतः प्लाझ्मातल्या, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातल्या. सोडियम 140 च्या आसपास, क्लोराइड 100 च्या थोडं वर, बायकार्बोनेट 24, पोटॅशियम जेमतेम 4, सगळं मिलीमोल प्रति लिटर, म्हणजे बहुतेक भार सोडियम-क्लोराइडच वाहतात. सोडियम 140 चं 120 झालं की प्लाझ्माची वाहकता चांगलीच उतरते.

आता पेशी. अंगाच्या तापमानाला नुसत्या प्लाझ्माची वाहकता साधारण 1.5 सीमेन्स प्रति मीटर, आणि अख्ख्या रक्ताची 0.6 ते 0.7! लाल पेशीचं पटल चरबीचं, करंटला तिथून सहज वाट नाही, तो पेशींना वळसे घालत जातो. ॲनिमियात पेशी कमी म्हणून वाहकता वाढते. काही हातात धरायचे ब्लड ॲनालायझर हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा) याच तत्त्वावर काढतात, पण पेशंटचं प्रोटीन फार उतरलेलं असेल तर आकडा खोटा कमी येतो, कारण प्रोटीनही जागा अडवतं आणि ते नसलं की मशीन समजतं पेशीच कमी आहेत. असा रिपोर्ट बघून कुणी रक्त चढवायचा निर्णय घेऊ नये असं मला फार वाटतं, आधी सेल काउंटरवर, म्हणजे थेट पेशी मोजणाऱ्या मशीनवर, ताडून घ्या.

चौकस:
वा, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग साखर? ग्लुकोमीटर तर करंटच मोजतो ना?

आयनवेडी:
मोजतो, पण रक्ताची वाहकता नाही. स्ट्रिपवरचं एन्झाइम ग्लुकोजचं ऑक्सिडेशन करतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात, तो करंट. ग्लुकोजच्या रेणूवर चार्जच नाही, त्यामुळे थेट वाहकतेत त्याचा वाटा नाही. फक्त साखर खूप चढली की ती पेशींतलं पाणी बाहेर ओढते, सोडियम पातळ होतं, तेवढ्यापुरता आडून परिणाम.

पोटॅशियमचं मात्र नीट समजून घ्या. 4 चं 7 झालं तरी वाहकतेत फरक दोन-तीन टक्क्यांचा, मल्टिमीटरवाल्याला कळणारही नाही. पण पेशीच्या आत पोटॅशियम 140 च्या घरात, नर्न्स्टच्या समीकरणात (आयनाच्या आतल्या-बाहेरच्या प्रमाणावरून व्होल्टेज काढायचं सूत्र) टाकून बघा, पोटॅशियमचं समतोल पोटेन्शियल, म्हणजे ज्या व्होल्टेजला त्याची ये-जा सारखी होते ते, उणे 95 मिलिव्होल्टवरून उणे 80 वर येतं. हृदयाच्या पेशींचं विश्रांतीचं पोटेन्शियल याच्यावरच टेकलेलं, म्हणून ईसीजीत टी वेव्ह (ठोक्यानंतर पेशी पूर्ववत होतानाची लाट) टोकदार होते, पुढे क्यूआरएस (ठोक्याचा मुख्य उंचवटा) रुंदावतो आणि जीवावर बेततं. रक्ताचा रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो.

हर्ट्झ:
वरचं सगळं कमी फ्रिक्वेन्सीचं. मेगाहर्ट्झमध्ये गेलात की पटल कपॅसिटरसारखं वागतं, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 मायक्रोफॅरड, आणि करंट पेशीतून आरपार जायला लागतो, मग आतलं पोटॅशियमही हिशोबात येतं. फ्रिक या शास्त्रज्ञाने 1925 मध्ये या कपॅसिटन्सवरूनच पटलाची जाडी 3.3 नॅनोमीटर काढली होती, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पटल दिसायच्या कितीतरी आधी, मला तर हे अजून थक्क करतं.

चौकस:
मग साध्या मल्टिमीटरने मोजलं तर?

हर्ट्झ:
नको, तो डीसी देतो, इलेक्ट्रोडवर आयनांचा थर साचून रीडिंग सरकत राहतं. एसी आणि चार इलेक्ट्रोड लागतात. तापमान धरून ठेवा, एका अंशाला साधारण 2 टक्के फरक पडतो, आणि नमुना हलवत राहा, पेशी खाली बसल्या की वर नुसता प्लाझ्मा मोजाल.