उरेकीची काळी वाळू : कोणी गेलंय का? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. मुलगा तिबिलिसीला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. जुलैमध्ये मी आणि सासूबाई त्याच्याकडे जातोय. त्याच्या घरमालकीणबाईंचा आग्रह आहे, "आजींना उरेकीला न्या, गुडघे वाळूत पुरून ठेवा." जॉर्जियातल्या गुरिया प्रांतात, काळ्या समुद्राकाठचं हे गाव बाटुमीच्या उत्तरेला साधारण ६० किमीवर आहे. वाळूत मॅग्नेटाइट (लोहखनिज) असल्यामुळे ती काळी आणि चुंबकाला चिकटणारी, आणि तिच्यातल्या चुंबकत्वानं संधिवात जातो असं म्हणतात. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, तेव्हा जे असेल ते खरंखरं लिहा.

बाटुमीत शिकतेय, तीन उन्हाळे गेलेय

ताई, जरूर या, पण वेळ सांभाळा. काळी वाळू भराभर तापते, अकरानंतर अनवाणी चार पावलं टाकवत नाहीत. सकाळी लवकर जा, नाहीतर पाचनंतर. आणि इअरफोनची डबी, चुंबकाचं बटण असलेली पर्स खोलीवरच ठेवा! माझ्या डबीच्या कडेला वाळूचे कण केसांसारखे उभे राहिले होते. झटकले की जागा बदलायचे, निघायचे नाहीत. सेलोटेप आणि टूथपिक घेऊन तासभर बसले, तरी जाळीतले राहिलेच. तिबिलिसी-बाटुमी रेल्वे उरेकीला थांबते, पुढे टॅक्सी करा. डासांचं मलम विसरू नका.

बाबांना घेऊन गेले होते

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं. वाळूत बसायला अजिबात तयार नव्हते, लोक काय म्हणतील म्हणून. किनाऱ्यावर बघतो तर काय, आजूबाजूचे सगळे आजी-आजोबा कमरेपर्यंत पुरलेले! शेजारच्या एका जॉर्जियन आजींनी काही न विचारता हातानंच खड्डा उकरायला घेतला. वरची तापलेली कोरडी वाळू एका बाजूला जमवली, खालची ओली गार वाळू लांब टाकली, आणि मग ती गरम वाळू बाबांच्या पायांवर ओंजळी-ओंजळीनं घातली. आम्हाला जॉर्जियन येत नाही, त्यांना इंग्रजी नाही. पंधरा मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ दाखवून बोट हलवलं, बास. बाबांना 'मादलोबा' म्हणजे धन्यवाद, एवढाच शब्द येत होता, तो तीनदा म्हणाले.

गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या आठ दिवसांत बाबा संध्याकाळी पाइनच्या झाडीतून काठीशिवाय चालायला लागले. उकडलेली कणसं विकणारा "सिमिंदी!" ओरडत आला की स्वतः उठून जायचे.

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून लिहितोय

शेकानं आखडलेले स्नायू सैल होतात, तेवढा फायदा खरा. चुंबकानं संधिवात जातो, याला भक्कम पुरावा नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पाय पुरू नका, भाजलेलं कळणारसुद्धा नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रत्नागिरीकर

आमच्या मांडवीला काळा समुद्रच म्हणतात. बिघडलेल्या रेडिओतला चुंबक दोरीला बांधून लहानपणी त्या वाळूत ओढत फिरायचो, त्यामुळे उरेकीला पोचल्या पोचल्या तेच केलं! आपल्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आहे, ते चुंबकाला फार दाद देत नाही. तिथली वाळू मात्र अक्षरशः झेप घेते. पाण्याची गंमत वेगळीच. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, सकाळी जिथं लाट, संध्याकाळीही तिथंच. मला दोन दिवस चुकल्यासारखं होत होतं. खारटपणा आपल्या समुद्राच्या निम्मा, तळ उथळ, पोराटोरांची चिंता कमी.

शेजारी शेक्वेतिलीला २०२० साली उघडलेलं वृक्षोद्यान आहे. माजी पंतप्रधान बिद्झिना इवानिश्विली यांनी ठिकठिकाणचे जुने प्रचंड वृक्ष मुळांसकट काढून तिथं लावले, २०१६ मध्ये एक तर समुद्रातून वाहून आणला. बाग सुंदर आहे. पण यातलं प्रत्येक झाड आधी कुठल्या तरी गावाची सावली होतं, हे फिरताना सारखं टोचत राहिलं.

ऑक्टोबरात गेलो आणि पस्तावलो

हंगाम जून ते सप्टेंबर. नंतर खानावळींना कुलपं आणि धो धो पाऊस. ओली वाळू बर्फासारखी गार. जुलैच बरा.

धागाकर्ती, जाऊन आल्यावर

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे पाय पुरायचा बेत रद्द केला. त्यांची बोटंही सकाळी आखडतात. ठेंगण्या खुर्चीवर बसल्या, नऊवारीचा काच्या सावरला, आधी माझा हात वाळूत घालून ऊब तपासायला लावली आणि मग दोन्ही हात मनगटापर्यंत आत खुपसले. दहा मिनिटांनी मी म्हटलं, "आई, काढा आता." तर म्हणाल्या, "थांब गं, आत्ता कुठं बोटं मोकळी व्हायला लागलीत."