स्वस्तातलं ‘एज ५४०’ घेतलं, सहा उड्डाणं झाली. विमान वाईट की माझा हात?

माळावरचा_नवशिक्या (जत)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या बोनसमधून रिमोटवर उडणारं, १ मीटर पंखाचं, ईपीपी या लवचीक फोमचं एज ५४० हे कसरतीचं विमान घेतलं. मोटर, तिचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, पंख-शेपटीचे भाग हलवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्वो आणि ९×६ चा प्रॉप (पुढचा पंखा, ९ इंच घेर, ६ इंच पिच) असा कॉम्बो ८,२०० रुपयांना पडला. बॅटरी आणि सहा चॅनेलचा रेडिओ आधीचाच आहे. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, माणूस फोन तरी उचलतो.

आधी आठ महिने सनबोर्डचं हायविंग (वरती पंख असलेलं शिकाऊ विमान) उडवलंय. त्यात आता बोर्ड कमी आणि चिकटपट्टी जास्त आहे. त्यावर लूप, रोल, उलटं उड्डाण एवढं येतं.

आता रडगाणं. एक, हे विमान ट्रिमच होत नाही, म्हणजे स्टिक सोडल्यावर सरळ जाईल असं बसतच नाही. सरळ उडायला लागलं म्हणून हुश्श करावं, तर पुढच्या वळणानंतर परत डावीकडे कलतं. कालचं ट्रिम आज चालत नाही. दोन, नाइफ एजला, म्हणजे पंख उभे करून कुशीवर घेतलं की चाकांच्या बाजूला ओढतं. तीन, नाक वर करून हॉवर करायला गेलो की तीन सेकंद लोंबकळतं, मग थ्रॉटल पूर्ण दिला तरी वर सुटत नाही, शेपटीवर खाली येतं. जाहिरातीतल्या व्हिडिओत तेच विमान जमिनीपासून वीतभर उंचीवर नाचतंय. चार, उतरवताना वेग जरा कमी केला की धप्पकन बसतं.

जाहिरातीत उडतं वजन ४२० ग्रॅम लिहिलं होतं, मी तोललेलं नाही. बायको म्हणते एवढ्यात चांगला मिक्सर आला असता. तिला उत्तर द्यायचंय. हे विमान मुळात बरं आहे का, की विकून टाकू?


पाचदा_बाभळीत (पुणे)

विकू नका, कपाटावर ठेवा. हायविंगवरून थेट थ्रीडीवर (हॉवरसारख्या कसरतींवर) उडी मारली की असंच होतं. पिकासिम हा सिम्युलेटर फुकट आहे, रेडिओ केबलने जोडा आणि महिनाभर रोज अर्धा तास हॉवरच करा. मी सिम्युलेटर न करता शिकलो, त्याचा खर्च माझ्या नावातच आहे.


उद्यमनगरवाला (कोल्हापूर)

भावा, वरच्यांचं सिम्युलेटरचं बरोबर आहे, पण तू सांगितलेल्या चारातली तीन लक्षणं हाताची नाहीत. हातामुळे विमान पडतं, पण हातामुळे ट्रिम रोज बदलत नाही. माझं आयुष्य लेथवर गेलं. नग वाकडा आला की पहिल्यांदा कामगाराला शिव्या देऊ नयेत, आधी चक तपासावा, हे मी जरा उशिरा शिकलो.

स्वस्त विमान उडवून पारखायचंच नसतं. टेबलावर पारखायचं. पाना, पट्टी, दोरा, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि सामान तोलायचा हुकाचा काटा एवढं जमव. आणि प्रॉप काढून ठेव. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी बोटाला टाके घालून घेतो.

पहिलं वजन. बॅटरीसकट, उडायला निघतं तसं तोल. ४२० यायचं नाही, पैज लाव. जाहिरातीतलं वजन बऱ्याचदा बॅटरीशिवायचं असतं, नाहीतर कुठल्यातरी नेमक्या हलक्या बॅटरीचं. तू बॅटरी कुठली वापरतोस ते लिहिलंच नाहीस. हायविंगची ३एस २२०० (तीन सेल, २२०० एमएएच) तीच घातली असशील तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. २२०० ची बॅटरी १८० ग्रॅमच्या आसपास भरते, १३०० ची ११० च्या. एवढ्याशा विमानाला ७० ग्रॅम म्हणजे सायकलवर डबलसीट. तुझा पंख साधारण १०० बाय २३ सेंटीमीटर असेल, म्हणजे २३ चौरस डेसिमीटर. वजनाला २३ ने भाग. उत्तर २० च्या जवळ आलं तर विमान तरंगत उतरेल. २५ आलं तर धप्पकन बसेल, त्यात तुझा दोष नाही.

दुसरं, ओढ. शेपटीला मजबूत दोरी बांध, मध्ये हुकाचा काटा, दुसरं टोक खांबाला. प्रॉप परत लाव, विमान हातात धर, समोर कुणी नको. पूर्ण थ्रॉटल पाच सेकंद, काटा वाच. ओढ वजनाइतकीच असेल तर हॉवर होतं पण सुटका होत नाही, तू सांगतोस तस्संच. दीडपट हवी, जास्त असेल तर मजा. ९×६ हा प्रॉप पुढे पळायला बरा, हॉवरला मोठा घेर आणि बारीक पिच (पात्याचा कमी तिरकेपणा) लागतो. मोटर २२१२ मापाची, १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) असेल तर १०×४.७ लाव, शेदीडशे रुपयांत मिळतो. उतरल्यावर मोटरवर बोट ठेव. तीन सेकंद ठेवता आलं तर ठीक, चटका बसला तर थ्रॉटल जपून.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर मी चार हजारांचं विमानही घेतो आणि पंधरा हजारांचंही नाकारतो. सर्वो मधोमध परत येतो का? एलिव्हेटरच्या, म्हणजे आडव्या शेपटीच्या हलत्या भागाच्या मागच्या कडेशेजारी पट्टी उभी कर. स्टिक पूर्ण वर ओढ, हळूच सोड, कड कुठे थांबली ते बघ. मग पूर्ण खाली, सोड, परत बघ. दोन खुणांत अर्धा मिलिमीटर फरक असेल तर देव पावला. दोन-तीन मिलिमीटर असेल तर प्रत्येक वळणानंतर तुझं ट्रिम नवं असणार, मग तू वर्षभर सिम्युलेटर कर नाहीतर दहा वर्षं. एलेरॉनचंही (पंखांचे हलते भाग) असंच बघ, डावा-उजवा वेगवेगळा.

फरक सापडला की लगेच सर्वोच्या नावाने खडे फोडू नकोस. आधी सर्वोला जोडलेली कांडी काढून सर्वो मोकळा फिरव. मोकळा असताना बरोबर परततो पण जोडल्यावर नाही, तर दुखणं फोमच्या सांध्यात आहे. नव्या ईपीपीचा सांधा ताठ असतो, सर्वोला मधोमध येऊच देत नाही. दोन्ही बाजूंना पन्नास-साठ वेळा पूर्ण दुमड, वहीचं पान दुमडतो तसं. आणि शेपटीकडे जाणारी लांब तार दाबली की धनुष्यासारखी वाकते का बघ. वाकत असेल तर मधे दोन ठिकाणी आधार दे, नाहीतर कार्बनची कांडी टाक. हे सगळं करूनही फरक राहिला तरच सर्वो बदल. पैसे कमी असतील तर आधी एलिव्हेटरचा, मग एलेरॉनचे दोन. रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा, शेवटी.

तिसरं, सरळपणा. गवंडी काटकोन तपासतो तसं. डाव्या पंखाच्या टोकापासून रडरच्या बुडापर्यंत दोरा ताण, तोच उजवीकडे लाव. मागून बघताना पंख आणि आडवी शेपटी समांतर दिसली पाहिजे. ईपीपी कुरिअरच्या खोक्यात पिरगळतं, त्यात विकणाऱ्याचाही फार दोष नसतो. केस वाळवायच्या यंत्राने गरम कर, उलट दिशेला पिरगळून धर, थंड होईपर्यंत सोडू नकोस.

नाइफ एजचं शेवटी बघ, कारण ते बाकीच्या तिन्हींवर अवलंबून आहे. नाक जड असलं की विमान बऱ्याचदा पोटाच्या बाजूला ओढतं. जड बॅटरी पुढे कोंबलेली असेल तर तेच होणार. तोल पंखाच्या रुंदीच्या पुढून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आण. मग उडवून पारख: ४५ अंशात वर चढव, उलटं कर, स्टिक सोड. लगेच जमिनीकडे वाकलं तर अजून नाक जड आहे. सरळ जात राहून हळूच वाकलं तर छान. स्वतःच वर चढायला लागलं तर शेपूट जड झाली, बॅटरी पुढे घे. एवढं करून उरलंसुरलं रेडिओतल्या रडर-एलिव्हेटर मिक्सने (रडर दिला की एलिव्हेटर थोडा आपोआप हलतो) मार. आधी मिक्स घालणं म्हणजे वाकड्या नगाला रंग देणं.

अजून एक. तुझ्या विमानाचे एलेरॉन ४५ अंश हलत असतील. खरं झिव्को एज ५४० सेकंदाला ४२० अंश गिरकी घेतं, आणि आत पट्ट्यांनी आवळलेला माणूस असतो. तुला तेवढं नको. कमी रेटला (रेडिओतली कमी हालचालीची सोय) १५-२० अंश आणि ३० टक्के एक्स्पो (मधोमध स्टिक मऊ करणं), जास्त रेटला सगळं आणि ५० ते ६० टक्के एक्स्पो. काही रेडिओत एक्स्पो मऊ करायला अधिकचं चिन्ह लागतं, काहीत वजाचं. जमिनीवर बघून घे. उलटं बसलं तर मधोमधच विमान पिसाळतं.

आकडे टाक, मग विकायचं का ते बोलू.


सोल्डरची_वाफ (नाशिक)

वरचं सगळं पटलं. एकच भर. स्वस्त ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोंना वीज देणारा भाग) साधारण २ अँपिअर देतो. ताठ सांध्यावर चार सर्वो एकदम जोर लावायला लागले की व्होल्टेज खाली बसतं आणि रिसीव्हर क्षणभर झोपतो. बाहेरून ते रेंज गेल्यासारखं दिसतं. प्रॉप काढून दोन्ही स्टिक मिनिटभर जोरात फिरवा आणि रिसीव्हरच्या दिव्यावर नजर ठेवा. लुकलुकला तर उडवू नका. आणि उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या नकाशावर माळ हिरव्या (वेगळी परवानगी न लागणाऱ्या) पट्ट्यात आहे ना ते बघा. आमच्याकडे नाशकात ती मुभा फारशी नाही, म्हणून तुमचा माळ बघून जळफळाट होतो.


माळावरचा_नवशिक्या (जत)

रविवार यातच गेला. वजनकाटा स्वयंपाकघरातून घेतल्यामुळे घरच्यांचंही शिक्षण झालं.

वजन ५७२! बॅटरी २२०० चीच होती, बरोबर ओळखलंत. ती एकटी १८२. भागाकार २४.९ येतो.

ओढ ५९० ग्रॅम. म्हणजे विमान स्वतःला जेमतेम उचलत होतं आणि मी स्वतःला दोष देत होतो. बॅटरीही दोन वर्षांची, फुगायला लागलीय.

सर्वो: एलिव्हेटरला ३ मिलिमीटर फरक. कांडी काढल्यावर मोकळा सर्वो नीट परतला. सांधा दुमडून दुमडून अंगठा दुखला, तारेला कार्बनचा आधार दिला, आता एक मिलिमीटरहून कमी. उजवा एलेरॉन मात्र मोकळा असतानाही कुठेही थांबतो. तो सर्वो गेलाच.

दोऱ्याने मोजलं तर उजवीकडे ११ मिलिमीटर जास्त. शेपूट पिरगळलेली होती. केस वाळवायचं यंत्र मागितल्यावर मिक्सरचा विषय परत निघाला.

रिसीव्हरचा दिवा लुकलुकला नाही.

एकच शंका. तोल हवा तसा यावा इतकी १३०० ची बॅटरी पुढे बसेल का? खाच पंखाच्या बरोबर खाली आहे.


उद्यमनगरवाला (कोल्हापूर)

खाच कशाला बघतोस, ईपीपी आहे, कटरने पुढे वाढव. कापलेला तुकडा फेकू नकोस, मागे बुजवायला लागेल. फेविक्विक ईपीपीला चालतं, थर्माकोलला खातं, हे लक्षात ठेव.

उजवा सर्वो बदलताना डावाही त्याच जातीचा घे. एक जुना एक नवा ठेवलास तर दोघांचा वेग वेगळा पडतो. जुना डावा रडरला लाव, तिथला राखून ठेव.

आणि विकायचं का म्हणत होतास, तर नाही. फोम सरळ झाला, मोटर बरी आहे, सांधे सुटले. वाईट होते ते एक सर्वो, एक प्रॉप आणि तुझी बॅटरी, आणि बॅटरी तर विकणाऱ्याने दिलेलीच नव्हती. ८,२०० ला हे ठीक आहे, फुकट नाही. जाहिरातीत वजन लिहिताना बॅटरी लिहिली असती तर मी ‘चांगलं’ म्हणालो असतो.


माळावरचा_नवशिक्या (जत)

आज सकाळी साडेसहाला गेलो. नऊनंतर आमच्याकडे वारा सुटतो, ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाही उभ्या केल्या.

१३०० ची बॅटरी, १०×४.७ चा प्रॉप, एलेरॉनला दोन नवे सर्वो, चाकांवरची टोपणं काढली. वजन ४८८, ओढ ७९०. खर्च १,९०० रुपये, त्यात बॅटरीच १,००० ची.

पहिल्या उड्डाणात दोन टिचक्या ट्रिम लागले आणि तिसऱ्या बॅटरीपर्यंत तेच राहिले. ४५ अंशात उलटं केलं, स्टिक सोडली, सरळ गेलं आणि मग हळूच नाक खाली टाकलं. नाइफ एजला अजून थोडं ओढतं, मिक्स पाच टक्के घातलाय, बहुतेक आठ लागेल. उतरताना इतकं तरंगलं की दोनदा पुढे निघून गेलं आणि मेंढरांजवळ पोचलं. मेंढपाळ बाबा म्हणाले, “ह्याला बिरेक न्हाई का?”

हॉवर चार सेकंद. थ्रॉटल दिला आणि खरंच वर सुटलं! म्हणून परत केला, जरा खाली. तिथे मात्र हातच चुकला, रडर उलटा दिला, आडवं पडलं. फोमला काही नाही. डाव्या चाकाची तार मात्र मुळापासून उपटून आली. ती परत कशाने चिकटवू? फेविक्विक की हॉट ग्लू?


उद्यमनगरवाला (कोल्हापूर)

कशानेच नको. उजवं चाकही काढ, हातातून सोड, गवतावर उतरव, आणि परत काट्यावर ठेवून आकडा टाक.