मदत हवी आहे: गोळ्या-चॉकलेटच्या खेळातून मराठी अक्षरं कशी शिकवावीत?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी चार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत जाते. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथं ए-बी-सी छान चाललंय. मराठी अक्षरओळख मात्र घरीच करून द्यायची असं आमचं ठरलंय. आम्ही मुलुंडला राहतो. दिवसभर ती आजीजवळ असते. मी लोकलनं घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात, त्यामुळे माझ्या वाट्याला जेवणाआधीचा जेमतेम अर्धा तास येतो.

सध्या तिला गोळ्या-चॉकलेटच्या दुकानाचं वेड आहे. खाण्यापेक्षा दुकान मांडण्यात जास्त रस! चॉकलेटचे कागद जमवते, रंगांप्रमाणे लावते, आजीला "काय पाहिजे?" विचारते, पैसेही घेते. हे पाहून नणंदेनं परदेशातून अक्षरांच्या खेळाचे कागद पाठवले. लॉलीपॉपवर मोठं अक्षर, काचेच्या बरणीचं चित्र आणि त्या बरणीत त्याच अक्षराच्या कागदी गोळ्या टाकायच्या. कल्पना मला फार आवडली, पण सगळं इंग्रजीत आहे. मराठीत करायला बसले आणि अडले.

गोळीचा 'ग' दाखवायचा म्हटलं तर शब्दात तो 'गो' आहे. चिक्कीत 'चि', पेढ्यात 'पे', लाडवात 'ला'. नुसतं अक्षर ओळखणाऱ्या मुलीला हे काना-मात्रा-वेलांटीचं आताच कसं सांगू? 'ळ' आणि 'ण' यांनी तर शब्दच सुरू होत नाहीत, त्यांच्या बरण्या रिकाम्या ठेवायच्या का? शिवाय तिला 'घ' आणि 'ध' सारखेच वाटतात, 'भ' आणि 'म' सुद्धा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न खऱ्या गोळ्यांचा. सासूबाई प्रेमापोटी प्रत्येक बरोबर अक्षराला एक जेम्सची गोळी देतात. आता ती आधी हात पुढे करते आणि मग अक्षर सांगते. मला अक्षरं तिच्या आवडीची व्हायला हवी आहेत, मोबदल्याची नकोत. सासूबाईंचा उत्साहही मोडायचा नाही, कारण दिवसभर तिच्याशी खेळतात त्याच. घरात दीड वर्षाचा धाकटाही आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतो. अशा घरात हा खेळ कसा मांडावा? कुणी केलं असेल तर नीट सविस्तर सांगा, प्लीज.

प्रतिसाद – पाटीपेन्सिल

ताई, मी दादरला बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

क-ख-ग-घ या क्रमानं जाऊच नका. तो क्रम उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे, शास्त्र म्हणून सुंदर आहे, पण चार वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. तिच्या नावातली अक्षरं आधी घ्या. मग ग, म, न अशी वळणाला सोपी. एका वेळी तीन-चार बरण्या पुरेत. 'घ' शिकवलात तर 'ध' ला बरेच दिवस हात लावू नका. पहिलं पक्कं बसलं की दुसरं आणा आणि तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून 'ध' ची वरची मोकळी गाठ बोटानं गिरवायला लावा. 'भ' आणि 'म' चंही तसंच. पारंपरिक 'गमभन' मध्ये ते लागोपाठ येतात, तुम्ही लांब ठेवा.

काना-मात्रेची काळजी आता करू नका. आधी खेळ कानाचा. "माझ्या दुकानात ग्‌ग्‌ग नं सुरू होणारं काय आहे?" गोळी, गाठी, गुलाबजाम, गूळ. सगळ्यांत तिला 'ग' ऐकू आला की काम झालं, गोळीला मात्रा आहे हे तिला कळायची गरज नाही. बरणीवर नुसता 'ग' आणि आत चित्रं. शब्द लिहून दाखवायचा तेव्हा गोडातलेच बिनमात्रेचे घ्या: मध, रस, सरबत, फणस. त्यानंतर एकट्या कान्याचे: हलवा, बतासा.

'ळ' आणि 'ण' साठी 'शेपटीचं दुकान' करा, म्हणजे ज्या शब्दांच्या आत किंवा शेवटी ते अक्षर ऐकू येतं त्यांचं. गूळ, गोळी, तिळगूळ, साखरफुटाणे. गोडाच्या दुकानात तर 'ळ' ची चंगळ असते!

आणि अक्षर हाताला लागलं पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर (लाकूड घासायचा खरखरीत कागद) आणा, त्याचं अक्षर कापून पुठ्ठ्याच्या मोठ्या लॉलीपॉपवर चिकटवा. मुलीनं दोन बोटांनी लिहिण्याच्या दिशेनं फिरवायचं आणि तोंडानं उच्चार करायचा. ही माँटेसरींची जुनी पद्धत, देवनागरीला उत्तम लागू पडते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957 पासून डहाणूजवळच्या कोसबाडला काम करत होत्या, तिथं शिकवायचं साहित्य म्हणजे खडे, शिंपले, बिया, पानं. मुलाच्या अवतीभवती जे असेल ते. तुमच्या घरात ते चॉकलेटचे कागद आहेत, म्हणून तुमची मुलगी निवडतेय ते साहित्य योग्यच आहे. पेन्सिलीची मात्र घाई नको.

प्रतिसाद – खारीबटर

खऱ्या गोळ्यांबद्दल. दीड वर्षाचं बाळ असलेल्या घरात कडक गोळ्या, जेम्स, शेंगदाणे, चवळी, मणी यांतलं काहीही खेळात नको. घशात अडकतं. चार वर्षांच्या मुलांनाही कडक गोळी धोक्याचीच. कागदी गोळ्या तळहाताएवढ्या मोठ्या करा.

दातांचं सांगायचं तर किती खाल्लं याइतकंच किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं असतं. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दर अक्षराला एक गोळी म्हणजे दातांवर तासभर आम्लाचा मारा. गोड द्यायचंच तर जेवणासोबत एकदाच, आणि अक्षराशी त्याचा संबंध न ठेवता.

आजींसाठी एक सुचवतो: त्यांना दुकानातलं गिऱ्हाईक करा. "मला 'म' ची गोळी द्या हो" म्हणायचं, नातीनं शोधून द्यायची, आजींनी खोटे पैसे मोजायचे. गोळी देण्याचा आनंद राहतोच, फक्त देणारी बदलते.

प्रतिसाद – निळीछत्री

दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. सामानासाठी अब्दुल रहमान स्ट्रीटला जा, क्रॉफर्ड मार्केटपासून चालत जवळ आहे. रंगीत जिलेटीन कागद, घोटीव कागद, पुठ्ठे सगळं मिळतं. कागदाचा बोळा जिलेटीनमध्ये गुंडाळून दोन्ही टोकं पिळली की हुबेहूब गोळी. खरे चॉकलेटचे कागद वापरणार असाल तर धुऊन, पंख्याखाली वाळवून घ्या, नाहीतर पावसाळ्यात मुंग्या लागतात. संक्रांतीला हलवा आणि पाडव्याला गाठी घरात येतील तेव्हा त्या अक्षरांच्या बरण्या काढा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गिऱ्हाइकाची कल्पना सासूबाईंना इतकी आवडली की त्यांनी जुन्या पर्समधून सुटे पैसे काढून ठेवलेत (धाकट्याच्या भीतीनं मी त्याजागी पुठ्ठ्याच्या नोटा केल्या). पॉलिश पेपरही आणलाय. 'ग', 'म' आणि तिच्या नावातलं 'र' यांच्यापासून सुरुवात करते.

पाटीपेन्सिलताई, एकच शंका उरली. चॉकलेट-चिक्कीचा 'च' वेगळा आणि चमच्याचा वेगळा. एका बरणीत घालू का?

पाटीपेन्सिल

घाला. घरात मराठी बोलता, त्यामुळे दोन्ही उच्चार तिच्या तोंडात आधीपासून आहेत, तुम्ही फक्त ते नीट वेगळे उच्चारा. सुरुवात चिक्कीपासून करा, चमचा नंतर येऊ दे. फरक तिनं स्वतःहून विचारला तर सांगा की हे एकच अक्षर दोन तऱ्हांनी बोलतं. जहाज आणि जिलबीच्या 'ज' लाही हेच उत्तर चालेल.