सिंगल्समध्ये बॉल परत येतच राहतो, पॉइंट काढायचा कसा?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत नोकरीला, वय ३९, चार वर्षं झाली टेनिस खेळतोय पण सगळं डबल्सच, कारण आमच्याकडे सकाळी कोर्ट दोन आणि खेळणारे बारा-चौदा, सिंगल्सला कोर्ट देतंय कोण. पुढच्या महिन्यात क्लबची अंतर्गत स्पर्धा आहे, हौसेनं सिंगल्सला नाव दिलं, आणि सराव म्हणून आमच्याच ग्रुपमधल्या एका काकांशी तीन मॅच खेळलो. २-६, ३-६, १-६.

काका ५८ वर्षांचे आहेत. फोरहँड मारत नाहीत, नुसता ढकलतात, सर्व्हिसला अजिबात जोर नाही. पण बॉल परत येतो. मी जोरात मारतो, परत येतो, अजून जोरात मारतो, परत येतो, आणि चौथा माझा नेटमध्ये नाहीतर बाहेर. आमचा मार्कर (क्लबवर सराव देणारा) म्हणतो तुमचे स्ट्रोक चांगले आहेत साहेब. मग हरतोय कशामुळे? सिंगल्समध्ये नेमकं कुठे मारायचं, कुठे उभं राहायचं, नेटवर कधी जायचं, हे कोणी कधी सांगितलंच नाही. जरा बेसिकपासून सांगा प्लीज.

जुना बेसलाइनर

मार्कर खोटं बोलत नसेल, स्ट्रोक चांगले असतील. पण आधी एक सांग, तुझे जे बॉल बाहेर जातात ते बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, मागे जातात का साइडला? माझा अंदाज, निम्मे तरी ट्रॅममध्ये, म्हणजे कडेच्या फक्त डबल्सच्या पट्टीत, पडत असणार. डबल्सचं कोर्ट १०.९७ मीटर रुंद, सिंगल्सचं ८.२३, म्हणजे दोन्हीकडून १.३७ मीटरची पट्टी गेली. चार वर्षं तुझ्या डोळ्याला जी लाइन पाठ झालीय ती आता आउट आहे. पुढच्या मॅचला लाइन विसर, सिंगल्स लाइनच्या आत मीटरभर जागा सोडून निशाणा धर.

दुसरी डबल्सची सवय मला याहून महाग वाटते, ती म्हणजे बॉल खाली ठेवणं. डबल्समध्ये समोर नेटवर माणूस उभा असतो, जरा वर दिला की तो ठोकतो, म्हणून आपण सगळे नेटला घासून मारायला शिकतो. सिंगल्समध्ये नेटवर कोणीच नाही रे. मग खाली कोणासाठी मारतोयस? नेटच्या वरून चांगला मीटर-सव्वा मीटर उंच जाऊ दे, टॉपस्पिन (बॉलला पुढे फिरकी) असेल तर अजून वर, आणि समोरच्याच्या सर्व्हिस लाइन (सर्व्हिसच्या चौकोनाची मागची रेषा) आणि बेसलाइनच्या मध्ये जो साडेपाच मीटरचा पट्टा आहे तिथे पडू दे. खोल पडलेला साधा बॉल हा सर्व्हिस लाइनवर पडलेल्या जोरदार बॉलपेक्षा समोरच्याला जास्त त्रास देतो, कारण त्याला मागे सरकून मारावं लागतं आणि तिथून तो तुझं काही वाकडं करू शकत नाही.

आता दिशा. काही सुचत नसेल तर क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्यात. नेट मधोमध ९१.४ सेंटिमीटर असतं आणि खांबापाशी १.०७ मीटर, म्हणजे क्रॉसकोर्ट बॉल सखल भागावरून जातो आणि डाउन द लाइन, म्हणजे साइड लाइनला धरून सरळ मारलेला, चढ्या भागावरून. शिवाय कोर्ट सरळ २३.७७ मीटर, कोपऱ्यातून कोपऱ्यात २५.१५ च्या आसपास, म्हणजे जवळपास १.४ मीटर जागा फुकटात जास्त.

पण क्रॉसकोर्टचं खरं कारण मारल्यानंतर कळतं. समज तू उजव्या कोपऱ्यातून फोरहँड क्रॉसकोर्ट मारलास. आता समोरचा जिथून मारणार तिथून त्याला जितके अँगल मिळतात त्यांच्या मधोमध उभं राहायचं असतं, आणि ती जागा सेंटर मार्कवर (बेसलाइनच्या मधल्या खुणेवर) नसते, किंचित उजवीकडे असते. म्हणजे तू होतास त्याच बाजूला, तीन-चार पावलं टाकली की पोचलास. हाच बॉल तू डाउन द लाइन मारलास तर ती मधली जागा सेंटर मार्कच्या पलीकडे, डावीकडे जाते, आणि तू अजून उजव्या कोपऱ्यातच! काका काही करत नाहीत, फक्त मोकळ्या बाजूला क्रॉसकोर्ट ढकलतात आणि तू धापा टाकत पळतोस. पुढच्या मॅचला बघ असंच होतंय का.

डाउन द लाइन कधी? बॉल आखूड आलाय, तू बेसलाइनच्या आत आहेस, पाय स्थिर आहेत, तेव्हा. पळत जाऊन ताणून मारताना कधीच नाही.

आणि ते 'नुसता ढकलतात' म्हणू नकोस. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ असे दोनदा विम्बल्डनच्या सेमीफायनलला गेले, ते ताकदीवर नाही, टचवर. बॉल खोलवर आणि हव्या तिथे ठेवणं ही मोठी कला आहे, काकांकडे ती आहे म्हणून तू हरतोयस.

सातपूरकर

दादा, काल मुद्दाम मोजलं, म्हणजे मुलाला कोर्टाबाहेर वही घेऊन बसवलं. दोन सेटमध्ये माझ्या २७ चुका, त्यातले ११ बॉल ट्रॅममध्ये, ९ नेटमध्ये, बाकी लांब. तुम्ही न बघता सांगितलंत. काकांबद्दल तसं लिहायला नको होतं हेही मान्य. आणि डाउन द लाइन मारल्यावर पलीकडे पळायचं ते तर अगदी डिट्टो तसंच, मला वाटायचं माझा स्टॅमिना कमी पडतोय म्हणून मी रोज गोल्फ क्लबच्या मैदानावर पळायचे राउंड वाढवले होते.

सर्व्हिसचं पण सांगा कोणीतरी. पहिली मी पूर्ण जोरात मारतो, दहातली तीन-चार पडतात, दुसरी मग घाबरत.

गोदाकाठची

मी कॉलेजला असताना इंटर युनिव्हर्सिटी खेळलेय, आता मुलगी अंडर १४ खेळते, तर कोर्टाच्या बाहेर बसून मॅच बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. सर्व्हिसबद्दल माझं मत पक्कं आहे, क्लब लेव्हलला पहिली सर्व्हिस पाऊण जोरात मारा पण दहातल्या सहा-सात आत टाका. दुसरी सर्व्हिस आली की समोरचा एक पाऊल पुढे सरकतो, त्याला धीर येतो आणि तुम्हाला धडधड, सगळा खेळ तिथेच फिरतो.

कुठे टाकायची तर बहुतेकांचा बॅकहँड कच्चा असतो, तिकडे. कधीमधी सरळ अंगावर टाका, त्याला हात काढायला जागाच मिळत नाही, हे लोक विसरतात. ड्यूस कोर्टवरून, म्हणजे उजव्या बाजूने सर्व्हिस करताना, स्लाइस करून (बॉल कापून) बाहेरच्या बाजूला टाकता येत असेल तर समोरचा ट्रॅमच्याही बाहेर ओढला जातो आणि अख्खं कोर्ट मोकळं. पण ते आलं तरच, मॅचमध्ये शिकायला जाऊ नका. दुसऱ्या सर्व्हिसला हात हळू करू नका, वेग तोच ठेवा, स्पिन वाढवा. घाबरून हात आखडला की डबल फॉल्ट, म्हणजे दुसरीही चुकून पॉइंट जाणं, ठरलेला.

रिटर्न (समोरच्याची सर्व्हिस परतवणं) तर अजून सोपा, खोल आणि मधोमध. मधोमध बॉलवर समोरच्याला अँगल मिळत नाही. जोरात रिटर्न मारून विनर (थेट पॉइंट) काढायचा मोह होतो, विशेषतः हळू सर्व्हिसवर, आणि मला वाटतं तुमचे बरेच पॉइंट तिथेच जात असतील. काकांची सर्व्हिस हळू म्हणजे बॉलला वेग नाही, सगळा वेग तुम्हाला द्यायचाय, त्यामुळे चूक सोपी.

आणि स्कोअर बघून खेळा. ४०-० ने पुढे असाल तर मारा हवं ते. ०-३० ने मागे असाल तर पहिली सर्व्हिस आत, पहिले चार बॉल क्रॉसकोर्ट, बस. मुलगी एक पॉइंट गेला की पुढचे तीन त्याच्याच विचारात घालवायची. तिला मी फेडररचं २०२४ मधलं डार्टमाउथ कॉलेजचं भाषण दाखवलं, त्यात तो सांगतो की कारकिर्दीत १५२६ सिंगल्स मॅच खेळला, त्यातल्या जवळपास ८० टक्के जिंकला, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. फेडररचे शंभरातले ४६ पॉइंट जायचे! ते ऐकल्यावर ती जरा शांत झाली. गेलेला पॉइंट गेला, मागे जा, रॅकेटच्या तारा बघा, श्वास घ्या, मग या.

निफाडचा गारठा

वरच्या दोघांचं बरोबर आहे पण मला एक गोष्ट पूर्ण पटत नाही. क्रॉसकोर्ट, खोल, धीर धरा, हे सगळं ठीक, पण जो माणूस तीस वर्षं हेच करतोय त्याच्याशी तेच करून कसं जिंकणार? बेसलाइनवर उभं राहून बॉल परत देणं हे काकांचं घर आहे. त्यांना घराबाहेर काढा.

१९७५ ची विम्बल्डन फायनल. समोर २२ वर्षांचा गतविजेता जिमी कॉनर्स, समोरच्याच्या वेगावर खेळणारा, तुम्ही जितकं जोरात माराल तितकं जोरात परत. आर्थर ॲश ३१ वर्षांचा, त्याने वेगच दिला नाही. हळू, खाली राहणारे बॉल, कॉनर्सच्या फोरहँडला स्लाइस, मध्येच लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला बॉल), सर्व्हिस बाहेर ओढून. ६-१, ६-१, ५-७, ६-४. काका काही कॉनर्स नाहीत, पण तेही तुमचाच वेग वापरतात ना? तुम्ही जोरात मारता म्हणून त्यांना नुसती रॅकेट लावली तरी बॉल खोल जातो. वेग काढून घ्या, मग बघा त्यांचे बॉल आखूड पडायला लागतात की नाही. आणि आखूड पडला की तो डाउन द लाइन खोल मारून सरळ नेटवर जायचं, डबल्स खेळणारे आहात, व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारणं) येतच असेल! ती तुमची जमेची बाजू आहे आणि तुम्ही ती वापरतच नाही.

उलटंही करा, म्हणजे आखूड स्लाइस देऊन त्यांनाच नेटवर बोलवा. बेसलाइनवाल्या लोकांना नेटवर करमत नाही. ते आले की लॉब.

अजून एक, हवा बघून खेळा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला बॉल दगडासारखा असतो, उसळी कमी, तेव्हा स्लाइस फार चालतो आणि टॉपस्पिन खांद्यावर चढत नाही. एप्रिलमध्ये दुपारी तोच बॉल उडतो, तेव्हा थोडा आत निशाणा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, मुंबईचे मित्र इथे आले की पहिला अर्धा तास त्यांचे बॉल लांब जातात.

सातपूरकर

एक अडचण आहे. काकांना ड्रॉप (नेटजवळ हळूच टाकलेला बॉल) देऊन पळवायला बरं वाटत नाही हो. वडिलांच्या जागी आहेत, गुडघ्याला पट्टा लावून खेळतात.

गोदाकाठची

त्यांनाच विचारा. कोर्टावर हळू खेळून सोडून दिलं तर त्यांना जास्त लागेल, मी माझ्या सरांशी असं एकदा केलं होतं, ते रॅकेट ठेवून निघून गेले होते.

सातपूरकर

अपडेट देतो. विचारलं. काका म्हणाले, मी तुझ्यावर दया दाखवतो का? झालं, खेळलो. ४-६, ५-७. हरलो, पण तासाभराच्या वर चालली मॅच, आणि ट्रॅममध्ये यावेळी फक्त तीन बॉल.

काय काय झालं ते लिहितो, कोणालातरी उपयोग होईल. उंच आणि खोल क्रॉसकोर्ट मारायला लागल्यावर पहिल्यांदाच काका बेसलाइनच्या मागे गेलेले दिसले. पण धीर माझा आठ-नऊ बॉलपर्यंतच टिकतो, नंतर हात शिवशिवतात. नेटवर १४ वेळा गेलो, ९ पॉइंट मिळाले, म्हणजे गारठाभाऊ तुमचं खरं होतं. आखूड स्लाइस मात्र जमला नाही, उंच राहतो आणि काका आरामात येऊन मारतात. दुसऱ्या सेटला ५-४ ला सर्व्हिस माझी होती आणि तिथे परत सगळं विसरून जोरात मारायला लागलो, दोन डबल फॉल्ट.

मॅचनंतर मिसळ खाताना काकांनी स्वतःच सांगितलं की तू नेटवर येताना अप्रोच, म्हणजे ज्या बॉलवर पुढे येतोस तो, मधोमध मारतोस म्हणून मला दोन्ही बाजू मोकळ्या मिळतात, लाइनकडे मार आणि तू पण त्याच बाजूला सरक. आता दर शनिवारी आमचा सिंगल्सचा एक तास ठरलाय, सहाच्या आत कोर्ट धरायचं.

आता एकच राहिलं, ते लॉब फार छान टाकतात आणि आमच्या एका बाजूला सकाळी सूर्य डोळ्यात येतो, स्मॅश तीनदा रॅकेटच्या कडेला लागला. काय करू?

जुना बेसलाइनर

५-७ म्हणजे भारीच की. लॉब उंच असेल तर टप्पा पडू दे, मग मार, सिंगल्समध्ये वेळ असतो. फक्त बॉलच्या मागे आधी पोच, नेटकडे खांदा करून पळ, पाठमोरं धावत मागे जाऊ नकोस, लोक तसेच पडतात. डावा हात वर करून बॉलकडे बोट धर, सूर्यही थोडा झाकला जातो. आणि टॉस जिंकलास तर सर्व्हिस घ्यायलाच पाहिजे असं नाही, बाजू निवडता येते. पहिल्या गेमनंतर बाजू बदलते, मग दर दोन गेमनी, त्यामुळे ऊन दोघांनाही लागतंच. काका उन्हाच्या बाजूला असतील तेव्हा तूही लॉब टाक की.