मदत हवी आहे: फिट येणाऱ्यांचा गट टिकत नाही

तालुक्याच्या गावी आम्ही दर महिन्याला बैठक घेतो. तिथे सांगतो: गोळी न चुकवणं, पुरेशी झोप, फिटची नोंदवही. फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८. (तरी हुंगवायला कांदा-चप्पल निघतेच!)

पहिल्या बैठकीला १४ जण, चौथीला ५. एसटीभाडं दिलं, वार बदलला, आशाताईंकरवी निरोप धाडले. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, तो प्रश्न नाही. लग्नाच्या मुलीच येत नाहीत, कोणी पाहील म्हणून. घरी गेलो तर शेजारी चौकशा करतात. व्हॉट्सअ‍ॅप नको, फोन घरात एकच.

बोभाटा न होता या मुलींपर्यंत कसं पोचायचं? एकेकीशी फोनवर बोलून कोणी हे चालवलंय का? फोन कोण करायचं, किती दिवसांनी?