घर ते स्टेशनचं काय?

इलेक्ट्रिक कारवर सबसिडी वाढवा म्हणजे धूर कमी होईल, असं मत मांडलं जातं; मला ते अर्धंच पटतं. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची कोंडी पेट्रोलची असो की बॅटरीची, कोंडीच. मुंबईत विजेवरची लोकल 1925 पासून धावतेय. नव्या गाड्या तर ब्रेक लागताना वीज परत तारेत सोडतात. (वीज बरीचशी कोळशाची, मान्य. तरी माणशी हिशोब काढून बघा.)

खरा घोळ घर ते स्टेशन. डोंबिवली-बदलापूरकडे नवी संकुलं स्टेशनपासून लांब उभी राहतात, बसचा भरवसा नाही, शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही. मग माणूस स्कूटर घेतो, आणि एकदा हप्ते सुरू झाले की बसकडे कोण बघतो!

मुंबईच्या बेस्ट बससेवेने 2019 मध्ये किमान भाडं 5 रुपये केलं तेव्हा प्रवासी वाढले होते. मे 2025 मध्ये ते 10 झालं. पण माझ्या मते भाड्याआधी फेऱ्या वाढायला हव्यात: गर्दीच्या वेळी दर दहा मिनिटांनी छोटी बस, लोकलच्या वेळेशी जुळवलेली. आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई या पालिकांच्या बससेवांनी (टीएमटी, केडीएमटी, एनएमएमटी) आपापल्या हद्दीपुरतं बघणं आधी थांबवावं.