मदत हवी आहे: कूपर नदीच्या काळ्या पाण्यात जीवाश्म शोधताना जोडीदाराला सांभाळायचं कसं?

नमस्कार. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या कूपर नदीत स्कूबा करून मेगालोडॉनचे, म्हणजे नामशेष झालेल्या प्रचंड शार्कचे दात शोधायचा बेत आहे. सोबत धाकटा भाऊ. दोघांच्या साठेक डाइव्ह झाल्यात, पण सगळ्या समुद्रात, स्वच्छ पाण्यात.

परवान्याचा अभ्यास झालाय. तिथे १९९१ चा पाण्याखालच्या पुरातन वस्तूंचा कायदा आहे. छंद म्हणून शोधणाऱ्यांनाही लायसन्स लागतं, वस्तू हातानेच उचलायच्या आणि काय मिळालं ते दर तीन महिन्यांनी कळवायचं. मला ही अट मनापासून पटते. अठराव्या शतकात या काठावर भाताचे मोठे मळे होते. त्यामुळे लाखो वर्षांपूर्वीच्या दाताशेजारी गुलामगिरीत राबलेल्या माणसांच्या हातचं खापरही सापडू शकतं. ते कुठे मिळालं हे नोंदवलं नाही, तर उरतो नुसता मातीचा तुकडा.

अडचण पाण्याखालची आहे. पाणी टॅनिनमुळे (कुजणाऱ्या पानांतून उतरणारा रंग) कोऱ्या चहासारखं, तळाशी मिट्ट काळोख. टॉर्च लावूनही हातभर दिसलं तर खूप. मी १२ मीटर खोली धरलीय. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरलेला, त्यातले ७० बार राखीव. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा धरली, तर १२ मीटरवर दाबामुळे तिच्या २.२ पट लागते, म्हणून ३५ मिनिटं मिळतात. प्रवाहाशी झगडताना ३० लिटर लागली तर जेमतेम २३. म्हणून २० मिनिटांत वर यायचं ठरवलंय.

पण भाऊ दिसणारच नाही, त्याचं काय? दोघांना दोरीने बांधायचं, तर तळाशी पडलेल्या झाडांत ती अडकेल. न बांधावं, तर मला धीर होत नाही. अशा पाण्यात उतरलेल्या कुणी सांगाल का?

प्रतिसाद:
दोरी नकोच. अशा पाण्यात दोघांनीही एकटेच आहोत असं धरून उतरायचं. प्रत्येकाकडे ३ लिटरचा वेगळा सिलिंडर हवा, त्याला श्वास घ्यायचा स्वतंत्र रेग्युलेटर. १२ मीटरवरून सावकाश वर यायला तेवढी हवा पुरते. फांद्यांत अडकलेल्या मासेमारीच्या दोऱ्यांसाठी हाताशी कात्री ठेवा. तळाच्या खडीत रोवायला लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, प्रवाहात तोच आधार. वर होडीत एक जाणता माणूस आणि डाइव्ह फ्लॅग (खाली माणसं आहेत हे सांगणारा झेंडा) हवाच, कारण नदीत होड्यांची वर्दळ असते. वीसाव्या मिनिटाला दोघांनी वर निघायचं, हाताशी दात लागला असला तरी.

वेळ भरती-ओहोटी पालटतानाची निवडा, तेव्हा प्रवाह मंद असतो. वरच्या अंगाला पिनोपोलिस धरण आहे, तिथून पाणी सोडलं की अंदाज चुकतो. त्या दिवशीचा विसर्ग आधी विचारा. पहिल्या डाइव्हला काहीही शोधू नका, फक्त अंधाराची सवय करा.

धागाकर्ता:
खूप आभार. वेगळा सिलिंडर आम्ही दोघांनीही कधी वापरलेला नाही. आधी उथळ पाण्यात डोळ्यांवर पट्टी बांधून सराव करतो, तोवर बेत पुढे ढकलला. एक विचारायचं राहिलं: नदीतून काढलेलं खापर लगेच वाळवायचं, की वर आल्यावर नदीच्याच पाण्यात ठेवायचं?